उरलेल्या विजेचं कढत पाणी

आमच्या व्याह्यांना आमच्या घरात भाजलं, हे खरं आहे. मी ते मुद्दाम केलं, हे साफ खोटं आहे. (कुठं भाजलं ते योग्य वेळी सांगते. घाई करू नका.)

आधी घरची ओळख करून देते. मी निरगुडसरची. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळं अख्खं गाव मला ‘बाई’ म्हणतं. आमचे हेसुद्धा बाईच म्हणतात. ह्यांची शेती आहे. ऊस, कांदा आणि दारात दोन म्हशी. ह्यांचं शिक्षण माझ्यापेक्षा कमी आणि अक्कल माझ्यापेक्षा जास्त, असं ह्यांचं मत आहे. पुढची हकीगत ऐकून तुमचंही तेच मत होईल की काय, अशी मला धास्ती वाटते. पण सांगायला बसलेच आहे, तर आता लपवून काय करू?

निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला जातात. मी गच्चीवर गेले! गच्चीवर सोलरच्या सहा प्लेटा बसवून घेतल्या. बसवणारा संतोष, माझाच जुना विद्यार्थी. आता चाळिशीला आलाय, पोटही सुटलंय; पण शाळेत विज्ञानाच्या तासाला मी त्याला इतक्या वेळा वर्गाबाहेर उभं केलं होतं, की बाहेरच्या खांबावरच्या तारा बघून बघूनच तो वायरमन झाला असावा.

प्लेटा बसल्या, घर झगमगलं, सगळं छान चाललं होतं. आणि एक दिवस मी संतोषला एक प्रश्न विचारला. (हा प्रश्न मी विचारला नसता, तर व्याही आज सुखानं... असो.)

“संतोष, दुपारी आपल्या घरात काहीच चालू नसतं. मग तेव्हा तयार झालेली वीज जाते कुठं?”

“लाइनीत जाती, बाई.”

“लाइनीत म्हणजे?”

“म्हंजी जवळ जो वापरंल त्याच्याकडं. तुमच्या शेजारच्या घरात, समजा.”

मला घाम फुटला. शेजारच्या घरात दुपारभर टीव्हीवर मालिका चालतात. म्हणजे त्या मालिकेतली सासू त्या मालिकेतल्या सुनेला रोज दुपारी छळते, ती माझ्या विजेवर!

“त्याचं युनिट तुमच्या खात्यावर जमा व्हतंय, बाई. फुकट न्हाई जात,” संतोषनं समजावलं.

पण माझ्या डोक्यात ते शिरेना. मी शिळ्या भाकरीचा चुरा फोडणीला टाकणारी बाई. मला शिळी भाकरी टाकवत नाही, तिथं ताजी वीज कशी टाकवेल? मी दुपारची झोप सोडून मीटरसमोर उभी राहू लागले. वीज चालली, वीज चालली, म्हणून हळहळू लागले.

हे म्हणाले, “आवो, उसाचं पानी जरा बांधावरनं पलीकडं गेलं तर आपण काय बोंबलत बसतो का? जाऊ द्या की शेजाऱ्याला.”

“तुम्ही गेल्या वर्षी ह्याच बांधावरच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडला होता.”

“ते पानी व्हतं. ही वीज हाय,” हे म्हणाले आणि म्हशींकडं निघून गेले. म्हशी वाद घालत नाहीत.

अशातच आमची प्राजू बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकला. माणसं तालेवार आणि मानपानाला जपणारी. आणि बाळंतपण म्हटलं की पहिली गोष्ट काय लागते? गरम पाणी! बाळंतिणीला बादल्याच्या बादल्या, बाळाला वेगळं, दुपट्यांना वेगळं. आमच्या परसात तांब्याचा बंब होता. पण त्याच्या धुरानं माझे डोळे चुरचुरायचे. मला एकदम साक्षात्कार झाला. उरलेली वीज पाण्यात घालायची!

संतोषला बोलावलं. तो म्हणाला, “हाय की यंत्र! एवढीशी डबी असती. घराला लागंल तेवढी वीज घराला, उरंल तेवढी गरम पान्याच्या टाकीला. बाहेर काय जात न्हाई.”

“एक थेंबही नाही?”

“बाई, विजेला थेंब नसतो,” संतोष म्हणाला. (आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला विज्ञान शिकवलं. मी दुर्लक्ष केलं.)

त्या डबीचं नाव मी ‘उरलंसुरलं’ ठेवलं. गच्चीवर गार पाण्याची काळी टाकी आधीपासून होती. तिच्या शेजारी शंभर लिटरची गरम पाण्याची टाकी बसली. काळ्या टाकीतून निघालेल्या पाइपाला दोन फाटे फुटले. एक गरम टाकी भरायला, आणि दुसरा सरळ खाली, अंगणाच्या कोपऱ्यातल्या पाहुण्यांच्या संडासात.

हा दुसरा फाटा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

संतोषनं मात्र ठेवला होता. तो डोकं खाजवत म्हणाला, “बाई, हितं एक वॉल लागंल. उलटं पानी अडवणारा. न्हाईतर गरम टाकीतलं पानी ह्या फाट्यात परत येतं कवाकवा. घोडेगावातनं आणतो उद्या.”

मी हसले. ज्या हसण्याला तीस वर्षं वर्ग घाबरत आला, ते हसले. “संतोष, पाणी कुठून कुठं जातं?”

तो चाळीस वर्षांचा बाप्या ताठ उभा राहिला. “वरनं खाली, बाई.”

“मग ते उलटं कसं येईल? गुरुत्वाकर्षण नावाची काही गोष्ट असते. तू तेव्हा वर्गाबाहेर होतास.”

“तसं न्हवं, बाई, पन...”

“वॉल नको. उगाच पाइपाला गाठी मारू नकोस!”

संतोषनं पाना उचलला आणि पाइप जोडायला घेतला. जुन्या विद्यार्थ्यांची हीच खोड वाईट. बाईंना उलट बोलायला शिकतच नाहीत.

तिकडं प्राजूला मुलगी झाली, घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तारामावशी दारात उभ्या राहिल्या. निरगुडसरातल्या अर्ध्या गावाला त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलंय. सरपंच असो की सावकार, त्यांच्यासमोर कुणी ताठ बोलत नाही. सगळ्यांना त्यांनी उघडं बघितलंय!

“पानी कुटंय?” तारामावशींनी विचारलं.

“मावशी, उद्यापासून आंघोळ दुपारी एकला,” मी जाहीर केलं. “पाणी उन्हावर तापतं. एक वाजता ताजं मिळेल.”

तारामावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. “ताजं? पानी काय भजी हाय का? आन भर दुपारी लेकराला आंघूळ? लेकरू हाय का म्हस?”

मग तह झाला. पाणी दुपारी तापवायचं, टाकीत साठवायचं, आणि आंघोळ दुसऱ्या दिवशी सकाळी. टाकी गरम राहावी म्हणून मी तिला दोन जुन्या गोधड्या गुंडाळल्या, वरून सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी तारामावशींनी बादलीत कोपर बुडवलं, आणि नुसतंच “हं” म्हणाल्या.

त्या ‘हं’मध्ये माझी तीस वर्षांची नोकरी, एक पदवी आणि सोलरच्या सहा प्लेटा बुडाल्या!

“कोमट हाय. बंब पेटवा.”

आता हा प्रश्न इज्जतीचा झाला. मी गच्चीवर गेले. टाकीला उष्णता ठरवायचा एक काटा होता. संतोषनं तो मध्यावर ठेवला होता. मी हिशेब केला. रात्रभर पाणी थंड होणार, तर दुपारी ते जास्त तापलं पाहिजे. काटा फिरवला तो पार शेवटपर्यंत. पुढं फिरत नव्हता, म्हणून थांबले.

सकाळी तारामावशींनी कोपर बुडवलं आणि झटकन काढलं. “आत्ता कसं! आता गार मिसळाया लागंल.” मी इतकी खूश झाले, की चहात साखर दोनदा घातली.

पण एक अडचण उरलीच. रोज बारापर्यंत टाकी पुरती तापायची, आणि त्यानंतरची वीज पुन्हा शेजारच्या मालिकेत जायची. म्हणून मी घरात नियम केला. दुपारी बारा वाजता ज्यानं त्यानं गरम पाणी संपवायचं! भांडी गरम पाण्यानं. दुपटी गरम पाण्यानं. चादरी, पडदे, पायपुसणी. ह्यांना दिवसातून दोनदा आंघोळ. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चांगलं चटकत होतं, आणि हे बिचारे भर दुपारी वाफाळत्या बादलीपुढं बसलेले असत.

“बाई, मी काय कपडा हाय का? रंग जाईल माजा!”

तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वाटणीचं पाणी, गार मिसळून, म्हशीच्या अंगावर घातलं. म्हैस खूश झाली असावी. पण दुसऱ्या दिवसापासून ती बाराच्या सुमाराला घराकडं तोंड करून हंबरायला लागली. रविवारी गल्लीतल्या दोन बायका कोंबड्या घेऊन आल्या. पिसं काढायला कढत पाणी लागतं ना! घरात बाळंतीण, अंगणात पिसं! प्राजू खिडकीतून ओरडली, “आई, हे घर आहे का खाटकाचं दुकान?”

“वीज वाचतेय, प्राजू!”

“आई, वीज वाचत नाहीये. आपण वाचलो म्हणजे मिळवलं!”

आणि मग आलं बारसं.

बोरीच्या मंडळींना संध्याकाळच्या धारेपर्यंत परत पोहोचायचं होतं, म्हणून वेळ धरली दुपारी दोनची. अंगणात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, मधे फुलांचा पाळणा, ऐंशी पानं. व्याही सर्वांत पुढं. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, झुबकेदार मिशा आणि शब्द मोजून चार. ते उठले की बोरीची माणसं उठतात, ते बसले की बसतात. असा माणूस.

अशा माणसापुढं आपलं घर सुधारलेलं दिसावं, म्हणून मी सकाळीच पाहुण्यांच्या संडासातली बादली आणि डबा काढून ठेवला होता. भिंतीला चकचकीत पिचकारी होती, जेट म्हणतात ती. म्हटलं, वापरू देत. कळू दे, आपणही काही मागासलेले नाही.

दुसरा शहाणपणा असा. जेवणं झाली, ऐंशी माणसांनी हात धुतले, पाय धुतले, चुळा भरल्या. हे मला म्हणाले, “बाई, वरची काळी टाकी खाली झाली असंल. मोटार लावू का?”

“आत्ता नको!” मी म्हटलं. “मोटार लावली तर वीज ती खाईल. आत्ता ऊन कसं कडक आहे! सगळी वीज गरम टाकीत चाललीय. तीन वाजता लावू.”

गडबडीत त्या दिवशी बाराचं गरम पाणीही कुणी संपवलं नव्हतं. म्हणजे वर काळी टाकी ठणठणीत कोरडी, आणि तिच्या शेजारी गोधड्या पांघरून शंभर लिटर कढत पाणी वाट बघत बसलेलं. कुणाची, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाळणे म्हणून झाले. बाळाची आत्या पाळण्यावर वाकली. सगळ्या बायका पुढं सरकल्या. त्याच वेळी आण्णा शांतपणे उठले, ह्यांना खुणेनं काही विचारलं, ह्यांनी खुणेनं अंगणाचा कोपरा दाखवला. पुरणपोळी आणि वर कटाची आमटी झाली होती. अशा वेळी माणसाला एकांत लागतोच. आण्णा त्या दिशेला चालू लागले, आणि मी मनात म्हटलं, आता बघतील आपली पिचकारी!

आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आत्या म्हणाली, “कुर्रर्र...”

आणि अंगणाच्या कोपऱ्यातून आवाज आला.

“आऽऽई गंऽऽऽ मेलोऽऽ!”

बाळ दचकून भोकाड पसरून रडायला लागलं. नाव सांगायचं तसंच राहिलं. पाळण्याभोवती एकच गलका. कुणी खुळखुळा वाजवतंय, कुणी मीठमोहऱ्या ओवाळतंय. आवाज कुणाचा, कशाचा, विचारायला कुणाला सवडच नव्हती. “कुणाच्या पायात काटा मोडला जणू,” एक बाई म्हणाली. (अंदाज अगदीच चुकला नव्हता. जागा तेवढी चुकली.)

थोड्या वेळानं आण्णा परतले. चाल सावकाश, पाय जरा फाकलेले, चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा. ते येऊन मांडवाच्या खांबाशी उभे राहिले. मी लगबगीनं त्यांच्यासाठी राखून ठेवलेली गादीची खुर्ची पुढं केली.

“बसा ना, आण्णा.”

“उभाच बरा हाय.”

“अहो, असं कसं? बसा!”

“उभाच,” आण्णा म्हणाले, “बरा हाय.”

आण्णा उभे आहेत हे बघून बोरीचे दोघेतिघे उठले. मग सगळेच बोरीकर उठले. पाहुणे उभे असताना आपण कसं बसायचं, म्हणून निरगुडसरकर उठले. दोन मिनिटांत ऐंशी माणसं उभी, आणि ऐंशी खुर्च्या मोकळ्या! फोटो काढणारा म्हणाला, “मंडळी, बसून घ्या!” कुणी बसेना. पलीकडून कुजबुज ऐकू आली, “बोरीची रीत असंल, राव. बारशाला उभं राहत्यात.” त्यावर आमचा एक भाऊबंद छातीठोकपणे म्हणाला, “आमच्यातबी हाय ती रीत!”

आण्णा रागावलेत हे नक्की, पण कशावरून? टॉवेल-टोपी कमी पडली? आमटी तिखट झाली? तेवढ्यात विहीणबाईंनी माझा दंड धरून मला पडद्याआड ओढलं.

“विहीणबाई, खरं सांगा, आमच्या मालकांचा काय अपमान झाला? हे असे उभे राहतात ते फक्त डोकं फिरल्यावर. माझ्या भावाच्या लग्नात असेच उभे राहिले होते. दोन वर्षं बोलले नाहीत माझ्या माहेरी!”

मागून प्राजू कळवळून म्हणाली, “आई, तू काय केलंस? माझं सासर आहे गं ते!”

दोन वर्षं! लेकीची पाठवणी तर पुढच्या महिन्यात. एवढ्यात हे पडदा बाजूला करून आत आले आणि त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. चारी बोटं लालबुंद.

“आण्णांच्या मागनं हात धुवाया गेलतो,” हे हलक्या आवाजात म्हणाले. “पिचकारी दाबली. कढत येतंय, बाई. भजी तळून निघतील.”

आणि मला एका क्षणात सगळं दिसलं. काळी टाकी कोरडी. पिचकारीला पाणी हवं. पाणी कुठून यायचं? शेजारच्या टाकीतून, त्या उघड्या फाट्यातून, माझ्या गुरुत्वाकर्षणानं, थेट... आण्णा!

मी विहीणबाईंच्या कानाशी लागले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी डोळे विस्फारले. “कुठं?” मी सांगितलं. “नक्की?” मी मान हलवली. विहीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. हसू आवरेना, आणि मांडवात तर हसता येईना! त्या पदर तोंडाला लावून बाहेर आल्या आणि जवळच्या बाईच्या गळ्यात पडून मुसमुसायला लागल्या. त्यांना रडताना बघून ती बाईही रडायला लागली. मी तर खरंच रडत होते.

त्याच वेळी उशिरा निघालेले एक पाहुणे फाटकाशी आले. त्यांनी पाहिलं, ऐंशी माणसं मान खाली घालून उभी, बायका गळ्यात पडून रडतायत. त्यांनी चपला काढल्या, टोपी काढली, आणि शेजारच्याला हळूच विचारलं, “कधी गेले?”

मांडवातून आण्णांचा खणखणीत आवाज आला. “कुनी गेलेलं न्हाई! नाव ठेवा पोरीचं, लवकर!”

आत्यानं घाईघाईत नाव सांगितलं, ‘सई’. पेढे वाटले, आणि तारामावशींनी सूत्रं हातात घेतली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आण्णांची चाल बघूनच त्या ओळखून होत्या.

“मागच्या खोलीत चला. बाळाचा न्हायचा टप आना. आडाचं गार पानी भरा. अर्धी घटका बसवा. मग कोरफड.”

“मी न्हाई बसायचा टपात,” आण्णा म्हणाले.

“लई मोठ्ठी मानसं बसवलीत म्या टपात,” तारामावशी म्हणाल्या. “चला!”

आण्णा गेले. निरगुडसरच्या आडाचं पाणी आणि बाळाचा गुलाबी टप. त्यात बोरीचं एवढं मोठं प्रस्थ! सोबतीला फक्त आमचे हे. दार लोटलेलं. बाहेर मी आणि विहीणबाई कान लावून उभ्या. आधी आत पाणी हलल्याचा आवाज. मग ह्यांचा आवाज, “कसं वाटतंय, आण्णा?” आणि मग आण्णांचा, “लई ग्वाड वाटतंय, राव.” आणि मग दोघंही असे काही हसायला लागले, की टपातलं पाणी सांडल्याचा आवाज बाहेर आला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी दाराशीच फतकल मारून बसले.

थोड्या वेळानं आतून हाक आली. “बाई!”

“काय, आण्णा?”

“हे पानी तापवायचं यंत्र काय हाय, ते सांगा जरा.”

मग मी दाराबाहेरून आणि ते दाराआतून, असा आमचा तास झाला. मी उरलेली वीज सांगितली, डबी सांगितली, टाकी सांगितली. आण्णा मधे मधे “बरं” म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, “मंग उलटं पानी अडवाया काय न्हाई का बसवत?”

मागून संतोषचा आवाज आला. तो बारशाला आला होता आणि कधीचा मागं उभा होता. “बसवत्यात की. वॉल असतो. बाई म्हनल्या, पानी वरनं खाली जातं.”

“आन मंग?” आण्णांनी विचारलं.

“वरनं खालीच आलं की!” संतोष म्हणाला.

संध्याकाळी वाटेत डॉक्टरांना दाखवलं. नुसतं लाल झालं होतं, फोड नव्हता. चार दिवसांत उतरलं. जाताना आण्णा गाडीत मागच्या बाकावर पालथे झोपून गेले आणि खिडकीतून एवढंच म्हणाले, “संतोषला बोरीला पाठवा. माज्या गोठ्यात रोज दुधाच्या किटल्या धुवाया गरम पानी लागतं.”

संतोष गेला. त्यानं तिथं आधी वॉल बसवला, मग टाकी, मग बाकी सगळं. (आमच्याकडं त्यानं दुसऱ्याच दिवशी बसवला. मी जिन्यात उभी राहून गुरुत्वाकर्षणाबद्दल एक अक्षरही बोलले नाही.) पुढच्या महिन्यात प्राजूला आणि बाळाला पोहोचवायला आम्ही बोरीला गेलो, तर आण्णांनी नव्या टाकीला नारळ फोडायचा बेत केलेला. भावकी जमली होती. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि आण्णांनी त्याच पाइपावर बांधलेल्या नव्या संडासाचं दार माझ्यासाठी अदबीनं उघडून धरलं. तिथंही चकचकीत पिचकारी होती.

“बाई, विज्ञान तुमचं. तुमी आत जावा, पानी कसं येतंय ते तपासा, आन भायेर येऊन सगळ्यांना सांगा. मंगच आमी वापरनार.”

वीस-पंचवीस माणसं बघत होती. मी आत गेले, कडी लावली, आणि पिचकारीकडं टक लावून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. मग बाहेर येऊन ठणकावून सांगितलं, “पाणी एकदम गार आहे!”

प्रयोग न करताच निष्कर्ष लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या मी तीस वर्षं खिडकीबाहेर फेकत आले होते.